सोलापूरकरांनो, कळसूबाईला जायचंय? आधी उतरायला शिका

आपल्या सोलापुरात चढ म्हणजे उड्डाणपूल. गाव समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आणि सगळं सपाट. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रात सगळ्यात उंच. बारी गावातून चढ आठशे मीटरच्या वरच. एक मजला तीन मीटरचा धरला तर अडीचशेहून जास्त मजले. चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहिणाऱ्या माणसाला आकडा असा मांडला की घाम फुटतो.

पण चढण्यात दम लागतो, एवढंच. थांबलं की परत येतो. माझे गुडघे गेले ते उतरताना. त्यात नवीन बूट! पुढे अर्धा बोट जागा नव्हती, प्रत्येक पायरीला अंगठा आपटायचा. नख काळं पडलं ते दिवाळीपर्यंत. म्हणून निघायच्या आधी महिनाभर एखाद्या चार मजली इमारतीचा जिना धरा. चढताना घाई चालेल. उतरताना पाठीवर दोन लिटर पाणी घेऊन, गुडघा किंचित वाकवून, सावकाश. नखं कापा. उतरण सुरू व्हायच्या आधी घोट्याजवळची नाडी घट्ट आवळा, म्हणजे पाय पुढे सरकत नाही.

जायचं असं: रात्रीच्या गाडीनं पुणे, तिथून नाशिकच्या एसटीनं संगमनेर, मग अकोले, राजूर, बारी. बारीत घरगुती जेवण आणि मुक्काम मिळतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात वाटेतल्या लोखंडी शिड्या निसरड्या, वर धुकं. "आपल्याला उन्हाची सवय आहे" म्हणत एप्रिलमध्ये जाऊ नका, शिडीचं लोखंड तव्यासारखं तापतं.

खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. दोन दिवस काही होत नाही. फक्त पाणी जास्त लागतं, माणशी तीन लिटर धरा.

सूर्योदय गाठायचा तर रात्री अडीचला निघा. टॉर्च डोक्याला बांधायचा घ्या, कारण शिडीवर दोन्ही हात हवेत. एक हात सुटला की बाकीचे तिन्ही, म्हणजे दुसरा हात आणि दोन्ही पाय, टेकलेले पाहिजेत. शिडीवर एका वेळी थोडेच जण. माझा पुतण्या खालून ओरडत होता, "काय बे काका, आलं का शिखर?" शिडीवर असताना उत्तर देऊ नका.

वर देवीचं छोटं मंदिर आणि असला वारा की डिसेंबरात मी चक्क सोलापुरी चादर गुंडाळून बसलो. लोक हसले, नंतर दोघांनी मागितली.

सगळे उगवतीकडे मोबाइल धरून उभे असतात. सूर्य वर आला की तुम्ही पाठ फिरवा. पश्चिमेच्या धुरकट हवेवर कळसूबाईची त्रिकोणी सावली पडते आणि ऊन वर येईल तशी आखडत जाते. त्याच बाजूला अलंग, मदन, कुलंग हे किल्ले एकामागे एक. दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी, पलीकडे रतनगड, शेजारच्या खुट्टा नावाच्या सुळक्यावरून ओळखा. हे पाणी प्रवरेचं, गोदावरीला जाणारं. आपल्या उजनीशी त्याचा संबंध नाही, पुतण्याशी मी त्यावर पैज जिंकलो.

नऊच्या आत उतरायला लागा. आणि परतीच्या गाडीत खालचाच बर्थ घ्या.