जुन्या मस्टँगवरच्या कारखान्यातल्या खुणा पुन्हा कशा उमटवाव्यात

1960च्या दशकातली फोर्ड मस्टँग लिफ्टवर चढवून खालून नीट पाहा. ड्राइव्ह शाफ्टवर, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्यावर, रंगाचे पट्टे, नटांवर रंगाचे ठिपके, कुठे ग्रीस पेन्सिलने, म्हणजे मेणाच्या पेन्सिलने, घाईत लिहिलेले आकडे. पट्ट्यांवरून कामगार त्या मॉडेलचा शाफ्ट ओळखत. ठिपका म्हणजे नट आवळून तपासला. गिऱ्हाइकाने पाहाव्यात म्हणून या खुणा नव्हत्याच, म्हणून मला त्या फार मोलाच्या वाटतात. सँडब्लास्टिंगमध्ये, म्हणजे वाळूचा मारा करून जुना रंग आणि गंज काढताना, मात्र त्या सर्वांत आधी जातात.

आधी गाडी कुठली ते ओळखा. चासी नंबरचा पहिला अंक वर्षाचा, दुसरे अक्षर कारखान्याचे: एफ म्हणजे डिअरबॉर्न, आर म्हणजे सॅन होजे, टी म्हणजे मेटचेन. प्रत्येक कारखान्याची पद्धत वेगळी. आपल्या गाडीवरची खूण पुसली गेली असेल, तर त्याच कारखान्याची, त्याच सुमारास बनलेली आणि कधीही न उघडलेली गाडी शोधा. इंटरनेटवर दिसलेली प्रत्येक खूण आपल्या गाडीवर चढवू नका.

मग सफाई. प्रेशर वॉशर नको. मऊ ब्रश आणि साबणाचे पाणी घेऊन मळाचा एकेक थर काढा. पेट्रोल आणि थिनर मेणाची खूण विरघळवतात, त्यामुळे ते हाताशीही ठेवू नका. टॉर्च बाजूने तिरका धरला की पुसट रेघही दिसते. दिसली की लगेच मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा, पारदर्शक फिल्मवर ती गिरवून घ्या आणि दोन पक्क्या जागांपासूनचे अंतर लिहा.

रंग ठरवताना उघड्यावर राहिलेल्या खुणेवर विसंबू नका, ती उडालेली असते. क्लिपखाली किंवा वॉशरच्या आड दबलेला तुकडा खरा रंग सांगतो.

खरे कौशल्य हाताचे. कामगाराने हे अक्षर डोक्यावर लटकलेल्या गाडीवर, काही क्षणांत, हात वर करून लिहिले. आपण ते टेबलावर बसून सुबक काढले की लगेच खोटे दिसते. आधी पुठ्ठ्यावर सराव करा, तोही पुठ्ठा डोक्यावर टांगून. रेघ एका दमात ओढा, अडखळली तर पुसून पुन्हा ओढा, पण डागडुजी नको. ठिपक्यासाठी जुना, राठ ब्रश घ्या. रंग नटावरून शेजारच्या भागावर थोडा ओघळला तर ओघळू द्या. शाफ्टचे पट्टे शाफ्ट फिरवत काढा, म्हणजे ते सगळीकडून सारखे येतात.

क्रमही महत्त्वाचा. नटावरचा ठिपका नट शेवटचा आवळल्यावरच. जी खूण रंगाखाली होती ती प्रायमरवर लिहून वरून रंग मारा.

वरून मॅट क्लिअर कोट, म्हणजे चकाकी नसलेला पारदर्शक थर, मारायचा असेल तर आधी टाकाऊ पत्र्यावर तपासा, कारण त्यातल्या द्रावकाने ग्रीस पेन्सिल पसरते. मूळ खूण शाबूत असेल तर मास्किंग टेपच्या कडा तिच्यापासून दूर ठेवून बाजूचाच भाग रंगवा.

चासी नंबर, इंजिन नंबर आणि दारावरची प्लेट पुन्हा उमटवायच्या खुणांत येत नाहीत. तिथे पंच किंवा ग्राइंडर लावला तर तो गुन्हा ठरू शकतो. गंज हलक्या हाताने काढा, फोटो काढा, आणि अंक वाचता येत नसतील तर नोंदणी कार्यालयात जा.