कॉलेजच्या अंगणात सांस्कृतिक संध्याकाळ करताय? या चुका टाळा

सव्वानऊ वाजले होते. मंचावर शाल-श्रीफळ सुरू होतं आणि मंचामागे सायकल स्टँडजवळ भंडाऱ्याकडून आलेली खडी गंमतची (विदर्भातल्या लोकनाट्याची) मंडळी तोंडाला रंग लावून पावणेदोन तासांपासून उभी होती. जानेवारीतली नागपूरची थंडी. ढोलकीची पुडी, म्हणजे तिचं कातडं, गारठून उतरलेली. त्यांना साडेसातची वेळ दिली होती, मंच मिळाला नऊ चाळीसला, आणि दहाला लाऊडस्पीकर बंद करायचा होता. शाहीर एवढंच बोलले, "सर, वीस मिनिटात तं गणही नाही होत आमचा." गण म्हणजे खेळाच्या सुरुवातीचं गणेशस्तवन. जेवढं जमलं तेवढं केलं, मंचाला हात लावून नमस्कार केला आणि उतरले. आजूबाजूच्या वस्तीतले लोक त्यांच्यासाठीच थांबले होते.

त्या कार्यक्रमाच्या संयोजकांत मी होतो. ती रात्र अजून सलते, म्हणून हे लिहितो आहे. त्यानंतर नागपुरात अशा बऱ्याच संध्याकाळी आतून पाहिल्या. कलाकार कमी पडले म्हणून एखादी फसली, असं क्वचितच दिसलं. बहुतेक ठिकाणी घोटाळा आधीच्या पंधरवड्यात किंवा त्याच दिवशी दुपारी झालेला असतो.

डिसेंबरची तारीख धरणे

हवा छान असते म्हणून डिसेंबर ठरतो. पण त्याच महिन्यात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं. पोलीस बंदोबस्तात अडकलेले, सिव्हिल लाइन्सचे रस्ते मोर्च्यांमुळे वळवलेले आणि बाहेरगावच्या कलाकारांसाठी खोल्या मिळत नाहीत. शिवाय विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा. संक्रांत उलटल्यावर, जानेवारीचा दुसरा पंधरवडा बरा.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे दिवस मुंबईपेक्षा साधारण पंचवीस मिनिटं आधी मावळतो. जानेवारीच्या मध्यात पावणेसहा ते सहाच्या दरम्यान सूर्य गेलेला असतो. म्हणजे सातची वाट पाहण्याचं कारणच नाही. सहाला पहिला सूर लागला तर चार तास हाती राहतात.

औपचारिकतेला वेळ न मोजणे

दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, सत्कार, मनोगतं, अध्यक्षीय भाषण, आभार. पत्रिकेवर हे "उद्घाटन : १५ मिनिटे" असं छापलेलं असतं. एका सत्काराला नाव पुकारणं, पाहुण्यांनी उठणं, शाल, फोटो धरून अडीच मिनिटं लागतात. बारा सत्कार म्हणजे अर्धा तास, आणि अजून कोणी बोललेलंच नाही. हा वेळ कुणाच्या ताटातून जातो? शेवटी ठेवलेल्या कलाकाराच्या. आणि शेवटी कोण असतं? "खास आकर्षण" म्हणून बाहेरून बोलावलेलं पथक.

उपाय कडू आहे, पण लागू पडतो. सत्कार मंचावर एकच, बाकीच्यांचे प्राचार्यांच्या दालनात चहाच्या वेळी. भाषणं दोन. पाहुणे पथक दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकावर, विद्यार्थ्यांचे समूहनृत्य त्यानंतर. विद्यार्थी उद्याही कॅम्पसमध्येच असतात, ते थांबू शकतात. रंगभूषा करून बसलेल्या माणसाला थांबवणं हा त्याच्या कलेचा अपमान आहे, असं मला मनापासून वाटतं.

कार्यक्रम रेंगाळलाच तर काय? निवेदकाच्या हातात दोन याद्या असू द्या, एक पूर्ण, एक कापलेली. आठ वाजता पाऊण तासाहून जास्त उशीर झाला असेल तर दुसरी यादी चालू. हे आधी ठरलेलं असेल तर ऐन वेळी कुणाशी भांडावं लागत नाही.

सगळ्यांना एकच माइक

इथे थोडं थांबायला हवं, कारण सर्वात जास्त नुकसान इथेच होतं.

आपल्याकडच्या साउंडवाल्यांना ऑर्केस्ट्रा आणि लग्नाची सवय. ते दोन कॉर्डलेस आणि चार स्टँडचे माइक मांडून मोकळे होतात. खडी गंमत उभ्याने होते. शाहीर चालतो, वळतो, ढोलकीवाला त्याच्या पाठीमागून सरकतो. स्टँडसमोर खिळवलं की खेळाचा जीवच जातो. मुख्य गाणाऱ्याला कानावर बसणारा माइक द्या आणि मंचाच्या पुढच्या कडेला बुटक्या स्टँडवर दोन-तीन माइक ठेवा. ढोलकीला वेगळा माइक बहुतेक वेळा नकोच. तीन बाजूंनी दगडी इमारत असलेल्या जुन्या कॉलेजच्या चौकात ती तशीही घुमते, शब्द मात्र बुडतात.

खंजेरी भजनाचं उलट. तुकडोजी महाराजांच्या परंपरेतली मंडळं बसून गातात, खंजेरी तोंडाजवळच वाजते आणि गाण्याच्या माइकमध्ये तीच भरते. गायकाचा माइक ओठांच्या अगदी जवळ आणा, त्या माइकचा आवाज थोडा कमी करा, खंजेरीचा हात बाजूला घ्यायला सांगा. पाच मिनिटांचं काम, पण ते दुपारी झालं पाहिजे.

साउंड चेक उलट्या क्रमाने घ्या. शेवटचं पथक आधी, पहिलं सर्वात शेवटी. म्हणजे सुरुवातीच्या पथकाची मांडणी मंचावर तशीच राहते आणि सहाला धावपळ होत नाही.

कार्यक्रम सुरू असताना बिघडलं तर हे पाहा:

शिट्टी वाजायला लागली की लोक सगळा आवाजच खाली ओढतात. आधी बघा, माइक घेऊन कोणी स्पीकरच्या पुढे गेलंय का, माइकची जाळी मुठीत धरलीय का. मग वापरात नसलेले उघडे माइक बंद करा. शिट्टी तरीही येत असेल, तरच मंचावरच्या मॉनिटरचा, म्हणजे कलाकारांकडे तोंड केलेल्या स्पीकरचा, आवाज उतरवा.

मागच्या रांगांना शब्द दोनदा ऐकू येतात? तीस मीटर मागे लावलेल्या स्पीकरमधून आवाज आधी पोचतो, पुढच्यातला सुमारे ९० मिलिसेकंद उशिरा. साउंडवाल्याला विचारा, "भाऊ, मागच्याले डिले लावला का?" डिले म्हणजे मागच्या स्पीकरचा आवाज तेवढाच उशिरा सोडणं. त्याच्या मशीनमध्ये ती सोय नसेल तर मागचे स्पीकर सरळ बंद करा आणि खुर्च्या पुढे ओढा.

सतत घूं घूं येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. तो काढल्यावर थांबली तर लॅपटॉप बॅटरीवर चालवा. नाही थांबली, तर लाइट आणि साउंड एकाच लाइनवर आहेत का ते तपासा.

आणि चामड्याची वाद्यं. थंडीत आणि दवात कातडं ओलावा धरतं, सैल पडतं, सूर उतरतो. हार्मोनियमचा सूर जागचा हलत नाही, म्हणून तबला-ढोलकी बेसूर वाटू लागते. वाद्यं उघड्यावर ठेवू नका. वर्गखोलीत, कापडाखाली ठेवा, मंचावर जायच्या वीस मिनिटं आधी बाहेर काढा. डफ शेकावा लागतो. सिक्युरिटी ऐन वेळी शेगडी विझवायला लावते, म्हणून परवानगी आधीच घ्या, बाजूला वाळूची बादली ठेवा, नाहीतर वर्गात साधा रूम हीटर द्या.

वर्गातल्या प्लगवर लाइट लावणे

१६ अँपिअरचा प्लग २३० व्होल्टवर साधारण ३,६८० वॉट देतो. जुने हजार वॉटचे चार पार, म्हणजे मंचावरचे डब्यासारखे दिवे, लावले की तो गेलाच. एलईडी पार मागवा आणि लाइटसाठी वेगळा फेज घ्या. जनरेटर लागलाच तर इमारतीच्या पलीकडे ठेवा.

कायद्याचं शेवटच्या आठवड्यात आठवणे

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही. बंद सभागृहात आवाज आतल्या आत ठेवला तर गोष्ट वेगळी. सूट मिळेल या आशेवर पत्रिका छापू नका. साडेनऊला संपेल असाच कार्यक्रम आखा. पोलीस ठाण्यातला अर्ज किमान पंधरा दिवस आधी द्या. शेजारी दवाखाना असेल तर तिथे स्वतः जाऊन सांगा.

गाण्यांच्या हक्कांबाबत मोठा गैरसमज आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थांना सवलत आहे, पण ती प्रेक्षक म्हणून विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित मंडळी असतील तेव्हाची. फाटक वस्तीसाठी उघडलं की तिच्यावर विसंबता येत नाही. नृत्यासाठी वाजवायच्या ध्वनिमुद्रित गाण्यांचा परवाना घ्या. माझं मत विचाराल तर निम्मी नृत्यं तरी जिवंत वाद्यांवर बसवा. मुलं महिनाभर ढोलकीवाल्याबरोबर तालीम करतात तेव्हा काय शिकतात, ते पेनड्राइव्हवर शिकता येत नाही.

फाटकावर संध्याकाळ अडवणे

पत्रिकेवर "सर्वांना मुक्त प्रवेश", फाटकावर मात्र "आयकार्ड दाखवा". मागच्या गल्लीतल्या आजीबाई नातवाला घेऊन आल्या, वॉचमनने हटकलं आणि त्या परत फिरल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांची सून त्याच संध्याकाळी भीमगीतांच्या पथकात गाणार होती.

दोष वॉचमनचा नव्हता, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. दुपारी चारला त्याच्याशी बोला. फाटकावर त्याच वस्तीत राहणारे दोन विद्यार्थी उभे करा, जे येणाऱ्या काकूंना नावाने हाक मारतील. पुढच्या दोन रांगा सोफ्यांच्या ऐवजी सतरंजीच्या करा. लहान मुलं आणि म्हातारी माणसं तिथे आपोआप येऊन बसतात. निमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून भागत नाही. बुद्धविहारात, भजनी मंडळात, चौकातल्या पानठेल्यावर जाऊन सांगावं लागतं, आणि तेही तालमींच्या आधी, म्हणजे मंचावर कोण यावं हे त्यांनाही सुचवता येईल.

रात्री अकराला हिशेब

मानधन आधी ठरवा, कागदावर लिहा, आणि मंचावर जाण्यापूर्वी द्या. "चेक दोन महिन्यांनी निघेल" हे हातावर पोट असलेल्या माणसाला चालत नाही. जेवण रंग लावायच्या आधी, साडेचारला. परतीची गाडी कॉलेजची असावी, ड्रायव्हरचा नंबर शाहिरांकडे दुपारीच दिलेला असावा.

पुढच्या वर्षी आम्ही त्याच मंडळींना पुन्हा बोलावलं. फोनवर शाहीर बराच वेळ गप्प राहिले, मग विचारलं, "कितीचा टाइम हाय?" सव्वासहा सांगितले. ते पाचलाच आले, गरम वर्गात ढोलकी चढवली, सव्वासहाला गण सुरू केला. वग, म्हणजे खेळातलं मुख्य नाट्य, संपला तेव्हा पावणेआठ वाजले होते, आणि सतरंजीवर बसायला जागा उरली नव्हती.