स्लरीची व्हिस्कॉसिटी मोजताना आधी गाळाकडे बघा

खनिजाची स्लरी, म्हणजे पाण्यात कालवलेली खनिजाची भुकटी, बीकरमध्ये ओतली की लगेच तळाला बसायला लागते. व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, मोजणाऱ्या व्हिस्कोमीटरला ते कळत नाही. त्याचा बुडवलेला दांडा, म्हणजे स्पिंडल, फिरत राहतो, आकडाही येतो, पण तो असतो वरच्या निवळलेल्या पाण्याचा.

कॅन बरेच दिवस उभा असेल तर काचेची दांडी तळाला टेकवून बघा. ‘टक्’ वाजलं तर ठीक. रुतली तर थर अजून सुटलेला नाही. नमुना ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा कालवू नका, चिकणमातीचे कण एकमेकांना धरून बसतात. पातळ करायचं तर प्लांटचंच पाणी घ्या. मुंबईच्या नळाला तलावांचं मऊ पाणी येतं. प्लांटच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि पीएच त्यात नसतं, आणि बारीक कणांचे गुच्छ होणं त्यावरच ठरतं.

1 लिटर स्लरीचं वजन करून घनता काढा. खनिजाची घनता 4.5 आणि स्लरीची 1.50 असेल, तर घन पदार्थ वजनाने सुमारे 43 टक्के. तापमान 25 अंशांवर वॉटर बाथमध्ये धरा. नुसत्या पाण्याचीच व्हिस्कॉसिटी 20 अंशांना 1.0 सेंटीपॉइज असते, 30 अंशांना 0.8. मे महिन्यात एसी बंद असलेल्या खोलीत एवढा फरक फुकटात पदरात पडतो.

स्पिंडल आणि भांडं यांच्यातली फट सर्वांत मोठ्या कणाच्या निदान दहापट हवी. बुडबुडे न धरता ढवळा, स्पिंडल सोडा, ठरलेल्या सेकंदाला रीडिंग घ्या. टॉर्क (स्पिंडल फिरवायला लागणारा जोर) उपकरणाच्या कमाल मापाच्या 10 टक्क्यांच्या खाली असेल तर ते सोडून द्या. आरपीएम (मिनिटाला फेरे) चढवत न्या, मग उतरवत आणा. उतरताना आकडे कमी आले तर दोन शक्यता: गाळ बसला किंवा ढवळल्याने स्लरीची घडण मोडली. ओळखायचं कसं? लगेच पुन्हा ढवळून त्याच आरपीएमला मोजा. आकडा मूळ जागी आला तर गाळच. वर पाण्याची नितळ रेघ दिसत असेल तर एवढाही खटाटोप नको. पातळ स्लरीत वरच्या आरपीएमला आकडा अचानक उसळला तर तो भोवऱ्यांचा प्रताप, घट्टपणाचा नाही.

थांबलेला पंप पुन्हा सुरू होईल का, हे व्हिस्कॉसिटी सांगत नाही. त्यासाठी यील्ड स्ट्रेस लागतो, म्हणजे थांबलेली स्लरी वाहू लागायला लागणारा किमान ताण. 20 मिमी व्यासाचा, 40 मिमी उंचीचा चार पात्यांचा वेन हळूच पूर्ण बुडवा, स्लरीला जरा विसावू द्या आणि 1 आरपीएमच्या आत फिरवा. टॉर्कचं शिखर पकडा: 1 मिलिन्यूटन-मीटर म्हणजे सुमारे 34 पास्कल.