चर्चा भरकटली तर मध्ये पडायचं का? बैठक चालवायला नव्याने बसणाऱ्यांसाठी

बैठक चालवायची जबाबदारी पहिल्यांदा अंगावर आली की एकच धास्ती असते: चर्चा भलतीकडे गेली तर? मला विषयपत्रिकेबाहेरचं एक वाक्य कानावर आलं तरी घाम फुटायचा.

अशाच एका बैठकीत मालसाठ्याच्या नोंदी संगणकावर घेण्यासाठीच्या प्रशिक्षणाची तारीख ठरवायची होती. भांडार सांभाळणारे एक ज्येष्ठ सहकारी जुन्या रजिस्टरांबद्दल बोलू लागले. एकाच वस्तूला दोन विभागांत दोन नावं कशी पडली, कुठल्या साली पडली, असं बरंच काही. मी मध्येच म्हटलं, "सर, आपण तारखेवर येऊ या का?" त्यांनी हातातल्या पेनाला टोपण लावलं, पेन खिशाला अडकवलं आणि बैठक संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. बैठक दहा मिनिटं आधी संपली, मी खूश. प्रशिक्षणही ठरल्या दिवशी झालं. पहिल्याच आठवड्यात तोच माल दोन नावांनी दोनदा मोजला गेला आणि पुढे महिनाभर आम्ही ते निस्तरत बसलो. विषयपत्रिका मी केली होती. तीत जो मुद्दा सुटला होता, तोच ते सांगत होते.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. कोणाला अडवायचंच नाही. एका बैठकीत दोघांनी रजेच्या पाळ्यांवरून पाऊण तास खाल्ला. नुकतीच रुजू झालेली एक मुलगी वही पुढे सरकवायची, तोंड उघडायची आणि पुन्हा वही मागे घ्यायची. शेवटी तिने आपला प्रश्न मला जिन्यात विचारला. तो सगळ्यांसमोर यायला हवा होता, कारण त्याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: मध्ये पडायचंच. जे बोलत नाहीत त्यांचा वेळ राखणारं त्या खोलीत दुसरं कोणी नसतं. प्रश्न फक्त कधी आणि कसं, एवढाच.

मी साधारण दोन मिनिटं ऐकते. मग विचारते, "यामुळे आजचा निर्णय बदलेल का?" बदलणार असेल तर तो मुद्दा आजचाच, विषयपत्रिकेत असो वा नसो. बदलणार नसेल तर फळ्याच्या कोपऱ्यात त्या माणसाच्या नावासकट लिहून ठेवते आणि शेवटची दहा मिनिटं त्यासाठी राखते. ती दहा मिनिटं खरंच द्या. दोन-तीनदा दिली नाहीत की तो कोपरा म्हणजे कचऱ्याची टोपली हे सगळ्यांना कळतं. बोलणं उण्यादुण्यांवर आलं तर मात्र दोन मिनिटंही थांबू नका.

बोलणारा श्वास घेईल मग बोलू, अशी वाट पाहत बसलात तर संधी मिळणार नाही. दहा भाषांतल्या संभाषणांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू होण्यात सरासरी सुमारे ०.२ सेकंदच जातात, असं आढळलं. तेवढ्यात दुसरं कोणीतरी सुरू होतं. म्हणून आधी नाव घ्या. नाव ऐकलं की माणूस थबकतो. उलट, प्रश्न तुम्ही विचारला असेल तर थांबा. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बाईंनी वर्गांमध्ये पाहिलं होतं, की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम सेकंदभर थांबतात; तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. बैठकीत मी हे मनात आकडे मोजून करते. सुरुवातीला ते तीन सेकंद फार जड जातात.

आणि हे ओझं एकट्याने वाहू नका. सभेच्या नियमांसाठी ओळखले जाणारे हेन्री रॉबर्ट हे मुळात लष्करी अभियंते. १८६३ मध्ये अमेरिकेतल्या न्यू बेडफर्डला अचानक एका सभेचं अध्यक्षपद त्यांच्या गळ्यात पडलं, सभा हाताबाहेर गेली, आणि त्या नामुष्कीतून त्यांचा अभ्यास सुरू झाला. १८७६ साली त्यांची नियमावली छापून आली. तिच्यात हरकतीचा मुद्दा, म्हणजे सभेचा नियम मोडला जातोय ही तक्रार, कोणताही सदस्य मांडू शकतो. मीही सुरुवातीलाच सांगून ठेवते, "गाडी घसरतेय असं वाटलं तर कोणीही हात वर करा."

त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे आता मी विषयपत्रिका करायच्या आधीच जाते. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी खिशातलं पेन काढून एका चिठोऱ्यावर तीन ओळी लिहून दिल्या. त्यातल्या दोन मी विषयपत्रिकेत सगळ्यात वर घेतल्या.