हरणं बघायला जाताय? आधी जीन्स घरी ठेवा

जंगलात हरणं बघायला जाताना कुठले कपडे घालावेत ते सांगतो, पण शिकारीचा विषय आधीच मिटवून टाकू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे हरणाची शिकार बंद आहे आणि कायद्यात शिकार म्हणजे नुसती गोळी घालणं नाही, पकडणं, फास लावणं, आमिष दाखवणं, एवढंच काय नुसता प्रयत्न करणं पण त्यातच येतं. तर हे सगळं कॅमेरा नाहीतर दुर्बीण घेऊन जाणाऱ्यांसाठी. पण हरणाला माणूस कसा दिसतो याचा अभ्यास अमेरिकेतल्या शिकारीच्या निमित्ताने भरपूर झालाय, त्यातलं आपल्या मुंबईजवळच्या जंगलांत, म्हणजे बोरिवलीचं नॅशनल पार्क, येऊर, तुंगारेश्वर, कर्नाळ्याला काय कामाचं ते सांगतो.

माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, हरणाच्या डोळ्यात दोनच. १९९४ साली पांढऱ्या शेपटीचं हरीण आणि फॅलो डिअर या हरणांच्या दोन जातींच्या डोळ्यांची मोजणी झाली, त्यात एक पेशी निळ्याला म्हणजे ४५० ते ४६० नॅनोमीटर (उजेडाच्या लहरींची लांबी, त्यावरून रंग ठरतो) च्या आसपास सगळ्यात जास्त प्रतिसाद देणारी निघाली आणि दुसरी हिरव्याला, ५४० च्या जवळपास. लालसाठी वेगळी पेशीच नाही. म्हणून तिकडचे शिकारी झगझगीत केशरी जॅकेट घालून बिनधास्त बसतात, बऱ्याच राज्यांत तर ते सक्तीचं आहे, का तर दुसऱ्या शिकाऱ्याला माणूस लांबून दिसावा, आणि हरणाला तो केशरी झाडापाल्यातल्या मळकट पिवळ्या-तपकिरीसारखाच वाटतो. उलट निळा रंग त्याला आपल्यापेक्षा जास्त टोचतो. आता ट्रेनमधून पार्कला जाणाऱ्या पब्लिककडे बघा, वर मस्त कॅमो, म्हणजे झाडापाल्यात मिसळून जावं म्हणून डाग-पानं छापलेला, टीशर्ट आणि खाली निळी जीन्स! कॅमोचे पैसे तिथेच पाण्यात.

आणि हे इथेच संपत नाही. आपल्या डोळ्यातलं भिंग अल्ट्राव्हायोलेट किरण अडवतं, हरणाचं बरंचसं आत जाऊ देतं. आपल्या बहुतेक डिटर्जंट पावडरीत कपडे उजळ दिसायला ब्राइटनर घातलेलं असतं, टिनोपॉल, रानिपाल हेच काम करतात, हे केमिकल अल्ट्राव्हायोलेट शोषतं आणि निळसर उजेड बाहेर टाकतं. म्हणजे पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या उजेडात, हरणं बाहेर पडतात नेमक्या त्याच वेळी, तुमचा भारी कॅमो शर्ट निळसर उजळतोय, आणि तुम्हाला स्वतःला तो मस्त शेवाळी हिरवाच दिसतोय. चेक करायचं असेल तर नोटा तपासायची छोटी यूव्ही टॉर्च मिळते ती घ्या, रात्री घरातले दिवे बंद करून कपड्यावर मारा, कपडा निळा-पांढरा चमकला तर त्यात ब्राइटनर आहे. पांढऱ्या बनियनवर एकदा मारून बघा म्हणजे चमकणं म्हणजे काय ते कळेल. कॉटनला ते असं काही चिकटतं की साध्या धुण्याने सुटत नाही, त्यामुळे नवीन कपडा घेतला की पहिल्या धुण्यापासूनच तो वेगळा ठेवा आणि रिठ्याच्या पाण्यात धुवा. मशीनमध्ये घरच्या पांढऱ्या कपड्यांबरोबर तर अजिबात टाकू नका, आईला किंवा बायकोला आधीच सांगून ठेवा नाहीतर प्रेमाने धुवून, वर नीळ घालून हातात मिळेल.

आता पॅटर्न. दुकानात लोक सगळ्यात जास्त वेळ यातच घालवतात आणि माझ्या मते सगळ्यात कमी महत्त्वाचं हेच आहे. हरणाची नजर बारीक तपशिलात आपल्यापेक्षा कमजोर असते, पण डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळपास ३०० अंशातलं दिसतं आणि हलणारी गोष्ट तर लगेच पकडतं. म्हणून बारीक बारीक पानं छापलेला महागडा कपडा जवळून फोटोसारखा दिसला तरी चाळीस-पन्नास पावलांवरून त्या सगळ्याचा मिळून एक गडद गोळा होतो आणि तो गोळा माणसाच्या आकाराचा असतो. मोठे, फिकट आणि गडद ठळक डाग असतील तर आकार तुटतो. आणि असे डाग मिळाले नाहीत तर सरळ साधा मातकट शर्ट आणि त्याच्याहून एक शेड गडद पॅन्ट घ्या, वरचं खालचं एकाच रंगाचं नको एवढंच. मला विचाराल तर मुंबईच्या आसपास फिरायला हेच बेस्ट, कारण पुढचा मुद्दा.

मिलिटरी पॅटर्न घेऊ नका. २०२२ च्या आर्मी डे ला जो नवीन डिजिटल पॅटर्न आला तो आर्मीने स्वतःच्या नावावर रजिस्टर केलाय, बाहेर कुणी विकणं बेकायदेशीर आहे. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटचा हल्ला झाल्यावर पण आर्मीने लोकांना आणि दुकानदारांना असे कपडे घालू-विकू नका म्हणून आवाहन केलं होतं. सैनिक नसताना सैनिक वाटावं या हेतूने तसा ड्रेस घातला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १६८ आहे. तुमचा हेतू चितळ बघायचा होता हे मान्य, पण गेटवरच्या गार्डला किंवा स्टेशनवरच्या पोलिसाला ते कसं पटवणार, त्यात पाठीवर मोठी बॅग. शिवाय नॅशनल पार्कमध्ये डोक्यापासून पायापर्यंत कॅमो घालून झाडीतून बाहेर येणारा माणूस वनरक्षकाला आधी काय वाटेल याचा पण विचार करा.

रंग कुठला हे महिन्यावर ठरवा. पावसाळ्यापासून साधारण नोव्हेंबरपर्यंत आपल्याकडचं जंगल गच्च हिरवं असतं, तेव्हा ऑलिव्ह, गडद शेवाळी चालतं. डिसेंबरनंतर गवत वाळतं, पुढे सागाची पानं गळतात आणि फेब्रुवारी-मार्चपासून सगळीकडे मातकट, खाकी, धुरकट तपकिरी, तेव्हा तोच हिरवा शर्ट उठून दिसतो. दोन शर्ट घ्या, पॅन्ट एकच खाकी-तपकिरी घेतली तरी वर्षभर चालते. काळा मात्र कधीच नको, जंगलात ठार काळं असं फारसं काही नसतं आणि उन्हात तापतो तो वेगळाच. घरच्या घरी टेस्ट करायची तर मित्राला ते कपडे घालून सोसायटीतल्या झाडाखाली उभं करा, तिसऱ्या मजल्यावरून मोबाईलवर फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करा, मित्र आसपासच्यापेक्षा खूप उजळ किंवा खूप गडद दिसला तर शेड चुकलीय.

कापडाचं म्हणाल तर मुंबईच्या दमट हवेत जाड कॉटन घामाने भिजलं की वाळतच नाही, आणि पॅराशूटसारखं नायलॉन प्रत्येक पावलाला फस्सक फस्सक करतं. हरणाचे कान कुठल्या कुठे वळतात ते माहितीच आहे, तर आवाज हा रंगापेक्षा मोठा मुद्दा आहे. ट्रायल रूममध्ये दोन्ही बाह्या एकमेकींवर घासा, चार पावलं चाला, मांड्यांमधून आवाज आला तर ती पॅन्ट परत ठेवा. पातळ कॉटन-पॉलिस्टर मिक्स किंवा टीशर्टसारखं विणलेलं पॉलिस्टर बरं पडतं. खिशाला वेल्क्रो असेल तर ते कापून बटण लावून घ्या, शांततेत वेल्क्रो उघडला की भेकर गेलंच. इस्त्रीवाल्याला स्टार्च लावू नको म्हणून सांगा, कडक कॉटन पण कुरकुरतं. रेनकोट बहुतेक सगळेच आवाज करतात, त्यामुळे जोराच्या पावसात फोटोची आशा सोडून भजी खाल्लेली बरी.

खरेदी फॅशन स्ट्रीटला करा, एक्स्पोर्ट सरप्लसमध्ये खाकी, ऑलिव्हचे पूर्ण बाह्यांचे शर्ट मिळून जातात, घासाघीस करायची तयारी ठेवा. स्पोर्ट्सच्या मोठ्या दुकानात जंगलासाठीचं वेगळं सेक्शन असतं तिथे टोपी आणि ग्लोव्ह्ज बघा. हे दोन विसरू नका, कारण अंगभर कॅमो घालून उघडा चेहरा आणि हलणारे हात तसेच राहिले तर काय उपयोग, दुर्बीण उचलताना सगळ्यात आधी तेच दिसतात. कडेने गोल झालर असलेली टोपी, नाकापर्यंत येणारा मातकट बफ (गळ्यात घालायचं नळीसारखं कापड) आणि पातळ हातमोजे, झालं. लेन्स पांढरी असेल तर तिला पण कव्हर चढवा. पूर्ण बाह्या आणि पॅन्ट मोज्यात खोचणं पावसाळ्यानंतर गोचिडांसाठी पण लागतंच.

वास सगळ्यात शेवटी सांगतोय पण कपडे कितीही भारी असले तरी वारा तुमच्याकडून हरणाकडे जात असेल तर ते तुम्हाला न बघताच पळणार. कपडे डांबरगोळ्यांच्या कपाटात ठेवू नका, अत्तर-डिओ त्या दिवशी नको, आणि पाठीमागून नाही तर तोंडावर वारा येईल अशी जागा बघून बसा. चिमूटभर सुकी माती हवेत सोडली की दिशा कळते.

बोरिवलीच्या पार्कात गेटापासून कान्हेरी लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या चितळांसाठी यातलं काहीच लागत नाही, ती माणसांना सरावलेली आहेत. हे सगळं सांबर आणि भेकरासाठी. आणि जीपमधून सफारी असेल तर गाडीच केवढी मोठी दिसते, तिथे फक्त भडक आणि पांढरं-निळं टाळलं की पुरे. पायी जायचं असेल तर परवानगी असलेल्या ट्रेलवरच आणि गाईडबरोबर जा, अंगभर पानं लावलेला घिली सूट घालून झुडपात लपणं बोरिवलीत तरी नकोच, तिथे बिबटे आहेत आणि त्यांना तुम्ही माणूस आहात हे लांबूनच कळलेलं चांगलं.