जिरामध्ये ऑटोमेशन रूल लावताय? त्याला काय जमत नाही ते आधी बघा

जिरा म्हणजे टीमची कामं तिकिटांच्या रूपात नोंदवायचं अ‍ॅटलासियन कंपनीचं सॉफ्टवेअर, आणि रूल म्हणजे अमुक झालं की तमुक आपोआप कर अशी त्याला दिलेली सूचना. रूल लावणं सोपंय. ट्रिगर (रूल कशावरून सुरू होणार ते) निवडायचा, कंडिशन (अट) टाकायची, अ‍ॅक्शन जोडायची, पब्लिश केलं की झालं. म्हणून टीममध्ये जिरा क्लाउड आलं की महिन्याभरात वीस-पंचवीस रूल जमा होतात, ज्याला जो सुचला तो त्याने लावलेला असतो. मग कधीतरी महिनाअखेरीला सगळे रूल एकदम थांबतात किंवा खालचं काम बाकी असताना वरचं तिकीट डन होऊन बसतं, आणि सगळे म्हणतात जिरा गंडलंय. बहुतेक वेळा काही गंडलेलं नसतं, रूलची मर्यादा आलेली असते. ती आधीच माहीत असेल तर रूलची मांडणीच वेगळी करता येते.

पहिलं काम म्हणजे कोटा मोजा, महिन्याला रूल किती वेळा चालू शकतात तो. रूल एकदा चालला की एक रन. 2023 च्या नोव्हेंबरपासून अ‍ॅटलासियनने हिशोब बदलला, आधी एकाच प्रोजेक्टपुरत्या रूलना मोजणी नव्हती, तेव्हापासून सगळेच मोजले जातात. फ्री प्लॅनला महिन्याला 100 रन, स्टँडर्डला 1,700, प्रीमियमला युजरमागे 1,000 आणि एंटरप्राइझला अमर्याद. आता धरा की स्टँडर्डवर 20 जणांची टीम आहे आणि तुम्ही रूल लावलाय की स्टेटस बदललं की स्लॅकवर मेसेज जाऊ दे. प्रत्येकाने दिवसाला पाच वेळा स्टेटस बदललं तर रोजचे 100 रन झाले, म्हणजे कामाच्या सतराव्या दिवशी, साधारण 23-24 तारखेला कोटा संपला, आणि या एका रूलपायी बाकीचे सगळे रूल पण पुढची एक तारीख येईपर्यंत बसले. त्यात तुमचा प्रॉडक्शन बगचा अलर्ट देणारा रूल पण आला!

यावर उपाय असा की एका रनमध्ये जास्तीत जास्त काम उरकायचं, कारण जिरा रन मोजतं, आतल्या अ‍ॅक्शन कितीही असल्या तरी रन एकच. (मंडे डॉट कॉम या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरवरून आलेल्यांनी लक्षात घ्या, तिथे अ‍ॅक्शन मोजतात, तिथला हिशोब इथे चालत नाही.) दर बदलाला मेसेज पाठवण्याऐवजी रोज सकाळी दहाला एक शेड्यूल्ड रूल चालवा, त्यात लुकअप अ‍ॅक्शनने कालपासून हललेली तिकिटं गोळा करा आणि सगळ्यांचा मिळून एकच मेसेज टाका. लुकअपमध्ये जास्तीत जास्त 100 तिकिटं येतात, स्टँडअपपुरती (टीमची रोजची छोटी मीटिंग) ती भरपूर झाली. खरं सांगायचं तर दर बदलाचा मेसेज दोन दिवसांनी कोणी वाचत पण नाही, चॅनल म्यूट करून टाकतात. ग्लोबल ऑटोमेशनच्या पानावर युसेजचा टॅब आहे, तिथे कुठला रूल किती खातोय ते दिसतं, आठवड्यातून एकदा तिथे नजर टाका.

आता सगळ्यात जास्त वापरला जाणारा आणि सगळ्यात जास्त फसणारा रूल घेऊ, सगळे सबटास्क (मोठ्या तिकिटाखालची छोटी कामं) संपले की पॅरेंट (ते वरचं मोठं तिकीट) बंद कर. ट्रिगर ठेवा सबटास्क डनमध्ये गेल्याचा, मग पॅरेंटची ब्रँच (रूलचा त्या तिकिटावर चालणारा फाटा) घ्या, तिच्यात रिलेटेड इश्यूजची कंडिशन टाका की सगळे सबटास्क अमुक जेक्यूएलमध्ये (जिरात तिकिटं शोधायची भाषा) बसले पाहिजेत, आणि मग ट्रान्झिशन, म्हणजे स्टेटस बदलणं. इथे जेक्यूएलमध्ये स्टेटस बरोबर डन असं लिहू नका, स्टेटस कॅटेगरी (डन, कॅन्सल्ड असे शेवटचे स्टेटस एकत्र धरणारा गट) बरोबर डन असं लिहा, नाहीतर एखादा सबटास्क कॅन्सल्डमध्ये गेला की कंडिशन कधीच पूर्ण होणार नाही आणि पॅरेंट कायमचा अडकून राहील. ट्रिगरला पण तेच, कॅन्सल्डसारखे शेवटचे स्टेटस तिथेही घाला, कारण शेवटचा सबटास्क नेमका कॅन्सल झाला तर रूल उठणारच नाही. दुसरं, रूलला वर्कफ्लो (कुठल्या स्टेटसवरून कुठे जाता येतं त्याच्या ठरलेल्या वाटा) ओलांडता येत नाही. पॅरेंट आत्ता ज्या स्टेटसला आहे तिथून डनला जायची वाटच वर्कफ्लोमध्ये नसेल किंवा त्या वाटेवर एखादं फील्ड भरल्याशिवाय सोडत नाही असा व्हॅलिडेटर असेल तर रूल फेल होतो, आणि तिकिटाकडे बघून ते कळत नाही, ऑडिट लॉग (रूल कधी चालला, काय झालं त्याची नोंद) उघडावा लागतो. तिसरं, तिकीट डनला गेलं म्हणजे रेझोल्यूशन (तिकीट कसं निकाली निघालं ते सांगणारं फील्ड) भरलं गेलं असं नाही. वर्कफ्लोमध्ये तशी पोस्ट फंक्शन (स्टेटस बदलताना आपोआप होणारं काम) नसेल तर ते अनरिझॉल्व्ह्डच राहतं, आणि मग रिपोर्टमध्ये उघडं दिसतं, आणि मॅनेजर विचारत बसतो की हे बंद झालंय की नाही. तर ट्रान्झिशनच्या अ‍ॅक्शनमध्येच रेझोल्यूशन पण भरायला सांगा.

याच्या उलटा रूल, म्हणजे पॅरेंट बंद झाला की सगळे सबटास्क बंद कर आणि शेवटी कॉमेंट टाक, तो तर अजून नाजूक. ज्या ब्रँचमध्ये एकापेक्षा जास्त तिकिटं येऊ शकतात ती समांतर चालते, तिच्यासाठी मुख्य रूल थांबत नाही. म्हणजे सगळं बंद झालं अशी कॉमेंट आधी पडू शकते आणि सबटास्क नंतर बंद होतात, कधीकधी होतच नाहीत. ब्रँचच्या आत तयार केलेलं व्हेरिएबल बाहेर मिळत नाही ते वेगळंच. तर क्रम महत्त्वाचा असेल तर एकाच रूलमध्ये सगळं कोंबू नका, दुसरा रूल लिहा. पण मग त्या दुसऱ्या रूलमध्ये इतर रूलच्या बदलांवरून चालायची परवानगी द्यायचा चेकबॉक्स आठवणीने टिक करा, तो मुळात बंद असतो, आणि माझा रूल हाताने बदललं तर चालतो, ऑटोमेशनने बदललं तर चालत नाही ही जी नेहमीची तक्रार असते ना, तिचं कारण हेच. तो बंद ठेवलाय ते पण योग्यच आहे, दोन रूल एकमेकांना जागं करत बसले तर थांबणार कसे. त्यासाठी लूपवर पण मर्यादा आहे, 10 वेळा झालं की जिरा तोडून टाकतं.

तारखांचं आता. ड्यू डेट उलटून गेली तरी तिकिटात काही बदललेलं नसतं, त्यामुळे बदलावर चालणारा ट्रिगर तिथे उठत नाही, शेड्यूल्ड रूलच लागतो. त्याला शोधात एका वेळी 1,000 तिकिटंच मिळतात, जुना मोठा बॅकलॉग असेल तर प्रोजेक्टप्रमाणे तुकडे पाडा. स्मार्ट व्हॅल्यूमधली (रूल चालताना जिरा आपोआप भरतं ती माहिती) वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, आपण साडेपाच तास पुढे. म्हणजे रात्री साडेबाराला चालणारा रूल आजची तारीख म्हणून कालची लिहून टाकतो. ज्यांची टीम अमेरिकेच्या वेळेत काम करते त्यांना हे फार नडतं. तारीख लिहिण्याआधी आशिया कोलकाता टाइमझोनमध्ये बदलून घ्या. आणि सुट्ट्या! बिझनेस डे मोजणाऱ्या फंक्शनला शनिवार-रविवार कळतात, गणपती, पाडवा, दिवाळी यातलं काही कळत नाही. अनंत चतुर्दशीला ऑफिस बंद असतं आणि सकाळी नऊला सगळ्यांना तिकीट उशिरा झाल्याचा मेल जातो. वर्षाच्या सुरुवातीला सुट्ट्यांच्या तारखा रूलच्या कंडिशनमध्ये हाताने टाकाव्यात, जिरा सर्व्हिस मॅनेजमेंट (सपोर्टच्या कामासाठीचं जिरा) असेल तर एसएलएच्या (किती वेळात काम व्हायला हवं ती मुदत) कॅलेंडरमध्ये सुट्ट्या भरायची सोय आहे, ती वापरा.

एक गोष्ट मात्र मी रूलवर सोडू नका असंच सांगेन, आणि ती म्हणजे कामाचं वाटप. असाइनच्या अ‍ॅक्शनमध्ये बॅलन्स्ड वर्कलोड असा पर्याय आहे, नावावरून वाटतं की न्याय होईल. तो करतो काय तर कोणाकडे उघडी तिकिटं कमी आहेत ते मोजतो. आता एकीकडे पेमेंट गेटवे बदलायचं तीन आठवड्यांचं एकच तिकीट घेऊन बसलेली मुलगी आहे, दुसरीकडे बटणांवरच्या अक्षरांच्या सात किरकोळ दुरुस्त्या असलेला मुलगा. रूलच्या हिशोबाने ती रिकामी आहे, म्हणून पुढचं पण तिलाच. कोण रजेवर आहे, कोण नवीन आहे, कोणाच्या घरी काय चाललंय यातलं काहीच फील्डमध्ये नसतं, आणि फील्डमध्ये नाही ते रूलला दिसत नाही. सपोर्टच्या एकसारख्या तिकिटांना आळीपाळीने वाटणी चालेल. डेव्हलपमेंटच्या तिकिटांना लीडने स्वतः बघून वाटावं, सकाळची पाच मिनिटं लागतात, पण माणसं टिकतात.

टेस्टिंगसाठी थेट खऱ्या ट्रिगरवर जाऊ नका. आधी मॅन्युअल ट्रिगर लावा, एका डमी तिकिटावर चालवा, मध्ये लॉग अ‍ॅक्शन टाकून प्रत्येक व्हॅल्यू काय येतेय ते बघा. रूल सुरुवातीला जो डेटा उचलतो तोच पुढे वापरत राहतो, त्यामुळे मधल्या अ‍ॅक्शनने बदललेलं फील्ड पुढे वाचायचं असेल तर मध्ये री-फेच (डेटा पुन्हा उचलणं) टाकावं लागतं. व्हॅल्यू जुनीच येत असेल तर आधी हेच तपासा.

आणि रूलचा मालक कोण ते बघाच. रूल फेल झाला की मेल ओनरला जातो. ओनर कंपनी सोडून गेला असेल तर तो मेल कोणीच वाचत नाही. अ‍ॅक्टर म्हणून (ज्याच्या नावाने रूल काम करतो तो) एखाद्याचं स्वतःचं अकाउंट लावलं असेल तर अकाउंट बंद झालं की रूल पण पडला, म्हणून अ‍ॅक्टर शक्यतो ऑटोमेशनचा सिस्टम युजरच ठेवा, फक्त त्याला त्या प्रोजेक्टची आणि सिक्युरिटी लेव्हल (तिकीट कोणाला दिसावं त्याची मर्यादा) असेल तर तिची परवानगी आहे ना ते तपासा. कोणी नोटीस पिरियडवर गेलं की लॅपटॉप आणि पासवर्डच्या यादीत त्याच्या नावावरचे रूल पण लिहा, आणि शेवटच्या दिवसाच्या आधी ओनर बदलून घ्या.