जॅपनीज मेपल लावायचंय? मग ऑक्टोबर हातचा सोडू नका

न्यू जर्सीत किंवा आसपास राहणाऱ्यांसाठी लिहितेय. जॅपनीज मेपल लावायला आत्ताची वेळ बेस्ट, ऊन उतरलंय पण माती अजून कोमट आहे, त्यामुळे जमीन गोठायच्या आत मुळं जीव धरतात.

जागा सकाळच्या उन्हाची आणि दुपारच्या सावलीची बघा. ब्लडगुड या लाल पानांच्या जातीला ऊन थोडं जास्त चालतं, फार सावलीत तिचा लाल रंग हिरवट पडतो, पण क्रिमसन क्वीनसारखी बारीक कातरलेल्या पानांची जात पश्चिमेच्या भिंतीला लावलीत तर जुलैत कडा करपणारच. पाणी साचतं तिथे कुठलीच नको.

खरा घोळ लावताना होतो. खड्डा रुंदीला मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट-तिप्पट घ्या, खोलीला मात्र गड्ड्याएवढाच, आणि बुंधा जिथून खाली पसरायला लागतो तो भाग मातीच्या वर दिसलाच पाहिजे. नर्सरीच्या कुंडीत बऱ्याचदा तोच मातीत गाडलेला असतो, तेव्हा आधी वरची माती हाताने काढून बघा, गोल फिरलेली मुळं मोकळी करा, नाही सुटली तर कापा. मल्च, म्हणजे मातीवर पसरायचा सालीच्या तुकड्यांचा थर, 2 ते 3 इंच, खोडापासून चार बोटं लांब. लॉनवाले खोडाला टेकून मल्चचा डोंगर रचतात ना, ते अजिबात करू देऊ नका, आत साल कुजते आणि उंदरांना थंडीभर कुरतडायला आयती जागा मिळते.

मुळं उथळ असतात म्हणून जमीन गोठेपर्यंत पाऊस नसेल तेव्हा सावकाश, भरपूर पाणी द्या. खत आत्ता नको, कोवळी फूट आली तर थंडीत जळते. मोठी छाटणी पण नको, मार्चमध्ये तर नकोच कारण कापलेल्या जागेतून रस गळत राहतो, ती ऐन उन्हाळ्यात करा. कलमाच्या खालून आलेले फुटवे मात्र दिसले की काढायचे.

हरणं येत असतील तर खोडाभोवती जाळी आत्ताच लावा, या दिवसात नर शिंगं घासून साल सोलून काढतात.

कुंडीतल्या झाडाच्या मुळांना थंडी जास्त लागते, ते पानं गळल्यावर हीटिंग नसलेल्या गॅरेजमध्ये ठेवा आणि माती पार कोरडी होऊ देऊ नका. आणि हो, पुण्याहून कोणी बिया मागितल्या तर सरळ नाही म्हणा, या झाडाला थंडीत काही आठवडे झोप लागतेच आणि तिकडे तेवढी थंडी पडत नाही.